आधीं बोली, मग पाटी

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या शिक्षक-पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



 इमारती, देणग्या आणि पूर्वीच्या थोर माणसांच्या आठवणी यांविषयीं माझ्याहून अधिकारी वक्ते बोलतील. माझें सारें आयुष्य पहिली-दुसरीच्या वर्गांत, खडूच्या धुळींत गेलें. म्हणून त्या वर्गाविषयींच चार शब्द बोलण्याची मला परवानगी असावी. सकाळीं घंटा झाल्यापासून सायंकाळीं मुलें घरीं परतेपर्यंत त्या लहानशा खोलींत काय घडतें, आणि काय घडावयास हवें असतांहि घडत नाहीं, एवढाच माझा विषय आहे.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून निराळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदें, अक्कलकुवा व अक्राणी असे त्याचे सहा तालुके. २०११ सालच्या खानेसुमारींत जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ भरली. तींत शेंकडा सुमारें ६९ लोक आदिवासी होते. त्याच खानेसुमारींत साऱ्या महाराष्ट्रांत साक्षरतेचें प्रमाण शेंकडा ८२ होतें, तर आपल्या जिल्ह्यांत शेंकडा ६४. हे आंकडे ऐकले कीं कित्येक सुशिक्षित लोक मान हालवून म्हणतात, "तिकडच्या लोकांना शिक्षणाची आवडच नाहीं." हें म्हणणें खरें असतें तर आज या मंडपांत एवढे पालक दिसले नसते. आवड आहे, पण आवड आणि अक्षर यांच्यामध्यें एक नदी आहे, आणि तिच्यावर पूल बांधण्याचें काम पहिलीच्या शिक्षकाकडे आहे. ती नदी म्हणजे भाषा.

तापीच्या कांठच्या सपाटीवर अहिराणी बोलतात. शहाद्याकडे गुजर समाजाच्या घरीं गुजरी, नवापूरकडे मावची आणि कोकणा जमातीची कोकणी, अक्कलकुव्याकडे देहवाली, सातपुड्याच्या माथ्यावर धडगांवच्या बाजूस पावरी. यांखेरीज भिल्लांच्या आणखीहि बोली आहेत. सर जॉर्ज ग्रियर्सन यांनीं हिंदुस्थानच्या भाषांची जी मोठी पाहणी केली, तिच्या १९०७ सालीं छापलेल्या एका भागांत भिल्ली बोली व खानदेशी यांना मराठीहून निराळें स्थान दिलेलें आहे. म्हणजे ही बिघडलेली मराठी नव्हे. हीं आपापल्या नियमांनीं चालणारीं बोलणीं आहेत. अहिराणींत मुलास 'आंडोर' व मुलीस 'आंडेर' म्हणतात. 'येथें-तेथें' याला 'अठे-तठे' म्हणतात. इतक्या जवळच्या बोलीचा मुलगाहि पुस्तकांतील वाक्यापाशीं अडतो. मग पावरी बोलणाऱ्या मुलाची काय कथा! सहा वर्षांचें मूल दारांतून आंत येतें, आणि त्या क्षणापासून आपल्या आईची भाषा त्याला उंबरठ्याबाहेर ठेवावी लागते. आम्ही त्याची पायतणें बाहेर ठेवावयास सांगतों, त्याप्रमाणेंच.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची एक गोष्ट सांगतों. तींत माझी कांहीं शोभा नाहीं; पण अशा दिवशीं आपण केवळ आपल्या चांगल्या कामांचाच पाढा वाचावा, असें मला वाटत नाहीं.

सातपुड्यांतील एका पाड्यावर माझी नेमणूक झाली होती. मी सपाटीवरचा, घरांत अहिराणी, शाळेंत मराठी. पावरीचा एक शब्दहि मला येत नव्हता, आणि येत नाहीं याची लाजहि वाटत नव्हती. पहिलीच्या वर्गांत भिंतीला टेकून बसणारा एक मुलगा होता. प्रश्न विचारला कीं तो माझ्या तोंडाकडे पाही आणि मग मान खालीं घाली. हजेरीला तो 'हजर' म्हणे. चार महिन्यांत त्याच्या तोंडून मीं ऐकलेला तो एवढाच शब्द. सहामाही परीक्षेच्या वेळीं मीं त्याच्या नांवापुढें शेरा लिहिला, 'मंदबुद्धि'. लिहावयास क्षणभरहि लागला नाहीं.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनीं शाळेची जमीन सारवावयास काढली होती, म्हणून मुलांना घेऊन मी ओढ्याकांठीं गेलों. वेळ काढण्यासाठीं एका झाडाकडे बोट दाखवून मीं त्याचें नांव विचारलें. तो भिंतीपाशीं बसणारा मुलगा एकदम पुढें आला. मोह, चारोळी, टेंभुर्णी, साग, बिब्बा. एकेका झाडाला हात लावीत तो आपल्या बोलींत सांगूं लागला, आणि चौथींतला एक मुलगा मला मराठींत अर्थ सांगूं लागला. कोणत्या झाडाला फूल केव्हां येतें, कोणता पाला शेळी खाते, कोणत्या लाकडाचा दांडा टिकतो, कशाचा डिंक बाजारांत विकतो! मीं मोजलीं, तीं सत्तावीस झाडें झालीं. त्यांतलीं निम्मीं मला ओळखतां आलीं नसतीं.

परत आल्यावर परीक्षेचा तक्ता काढून मीं तो शेरा खोडला. पण खोडल्यानें गेलेले चार महिने परत येत नाहींत. दिवाळी झाली आणि तो मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीच्या टोळींत गुजराथेकडे गेला. होळीला परत आला तेव्हां शिकलेलीं दोन-चार अक्षरेंहि तो विसरला होता. पुढल्या वर्षींहि तसेंच झालें. तिसऱ्या वर्षीं तो आलाच नाहीं, आणि त्याचें नांव हजेरीपटावरून कमी झालें. तो आज कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. इतकें मात्र ठाऊक आहे कीं त्या वर्गांत मंदबुद्धीचा जर कोणी असेल, तर तो भिंतीशीं बसत नव्हता, खुर्चीवर बसत होता.

तेव्हांपासून मीं माझा वर्ग निराळ्या रीतीनें चालविण्यास आरंभ केला. प्रथम एक वही केली, आणि मुलांकडून व शाळेंत स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडून रोज पांच शब्द शिकून तींत लिहूं लागलों. माझे उच्चार ऐकून वर्ग पोट धरून हांसे. हांसूं दिलें. मास्तरहि चुकतो हें एकदां दिसलें म्हणजे चुकण्याची भीति मुलांच्या मनांतून निघून जाते.

सकाळचा पहिला अर्धा तास पुस्तक उघडावयाचें नाहीं, असा नियम ठेविला. "काल घरीं काय झालें?" एवढाच प्रश्न. मुलानें आपल्या बोलींत सांगावें. वरच्या इयत्तेंतील मुलानें त्याचें मराठी करावें. त्यांतील एक वाक्य मीं फळ्यावर लिहावें आणि सर्वांनीं म्हणावें. 'आमची शेळी व्याली.' बस्स! त्या वाक्यांतून शब्द आणि शब्दांतून अक्षर. ज्या मुलाची शेळी, त्याला तें वाक्य कधीं विसरतां येत नाहीं.

भिंतीवरच्या तक्त्यांत 'ज' जहाजाचा, 'ऐ' ऐरणीचा आणि 'श' शहामृगाचा होता. सातपुड्यांतील सहा वर्षांच्या मुलानें जहाजहि पाहिलेलें नाहीं आणि शहामृगहि नाहीं. अक्षर अनोळखी आणि चित्रहि अनोळखी, तर त्यानें धरावें तरी काय? मीं तो तक्ता काढला नाहीं. त्याच्या शेजारीं दुसरा लाविला. 'म' मोहाचा, 'ड' डोंगराचा, 'त' तापीचा, 'ढ' ढोलाचा, 'ह' होळीचा. होळी हा आपल्या डोंगराळ भागांतला सर्वांत मोठा सण. अक्कलकुवा तालुक्यांतील काठीच्या होळीला किती लांबून माणसें जमतात हें आपण जाणतांच. होळीनंतरच्या आठवड्यांत वर्गांत एकहि मूल मुकें राहत नाहीं, हा माझा अनुभव आहे. मात्र पाटीवर गिरविण्याचा ग, म, भ, न हा जुना क्रम मीं मोडला नाहीं. एका वळणांतून दुसरें वळण निघतें, म्हणून पूर्वींच्या पंतोजींनीं तो लाविला. त्यांत शहाणपण आहे. जुनें तें सर्व टाकावें असें माझें म्हणणें नाहीं.

गणिताच्या तासाला खडे, काड्या आणि मोहाच्या बिया. येथें मराठी भाषाच एक अडचण घालते, तिकडे आपलें लक्ष जात नाहीं. 'पंचवीस' म्हणतांना आपण पांच आधीं उच्चारतों आणि लिहितांना दोन आधीं लिहितों. ऐकलें तसें लिहिणारें मूल ५२ लिहितें आणि मार खातें! 'एकोणतीस' तर त्याहून अवघड. ऐकावयास येतो तीस, आणि लिहावयाचे दोन आणि नऊ. १९६७ सालीं स्थापन झालेल्या बालभारतीनें २०१९ सालीं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस पांच' अशी सरळ रीति जुन्या नांवांच्या जोडीला दिली, तेव्हां महाराष्ट्रभर मोठा वाद माजला. मी त्या वादांत शिरत नाहीं. मीं एवढेंच पाहिलें आहे कीं दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या व सुट्या पांच काड्या ज्या मुलानें स्वतःच्या हातानें मांडल्या, तें पुढें 'पंचवीस' लिहितांनाहि चुकत नाहीं. खेड्यांतील वृद्ध माणसें विसाविसानें मोजीत. तीन विसा म्हणजे साठ. आजीपासून विसा शिकून आलेल्या मुलास 'हें चूक' म्हणून गप्प करूं नये. त्याच्या तीन विसा आणि आपले सहा दहा फळ्यावर शेजारीं शेजारीं मांडावे. साठ दोन्हींकडून साठच भरतात, हें पाहून त्याला जो आनंद होतो तोच गणिताचा आरंभ होय.

उदाहरणेंहि जवळचीं घ्यावींत. धडगांवकडे उन्हाळ्यांत घरोघर कैऱ्या सोलून आमचूर वाळवितात, आणि मुलें आईजवळ बसून हातभार लावितात. किती पाट्या कैऱ्यांचें किती आमचूर झालें, व्यापाऱ्यानें काय भाव दिला, हा हिशेब त्यांच्या तोंडावर असतो. नंदुरबारच्या मुलाला वाळत घातलेल्या लाल मिरच्यांच्या पथाऱ्या रोज दिसतात. हें सोडून आपण त्याला आगगाडीच्या वेगाचीं आणि हौदाच्या नळांचीं उदाहरणें घालतों, आणि मग त्याला हिशेब येत नाहीं म्हणतों.

दुपारच्या जेवणालाहि मी शिक्षणाचाच तास समजतों. 'वाढा', 'थोडें', 'आणखी', 'पुरे', 'मीठ कमी आहे' : हीं मराठी वाक्यें मुलें पुस्तकांतील धड्यांपेक्षां किती तरी लौकर शिकतात. कारण उघड आहे. त्या शब्दांचें त्यांना काम असतें. ज्या शब्दाचें काम पडतें तो शब्द राहतो.

ही रीति मीं शोधून काढिली असें मात्र कोणीं समजूं नये. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनीं येथील लोकांना कांहीं सांगण्यापूर्वीं त्यांची भाषा आत्मसात केली. त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं मराठी ओव्यांत छापून निघालें, आणि तेथील बोलीचें त्यांनीं लिहिलेलें व्याकरण त्यांच्या निधनानंतर १६४० सालीं प्रसिद्ध झालें. एवढा विद्वान पुरुष सात समुद्र ओलांडून येथें आला आणि प्रथम विद्यार्थी झाला. मग तीन कोसांवरच्या पाड्यांत विद्यार्थी होण्यास आपण कां लाजावें?

ठाणें जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या पालघर जिल्ह्यांत, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम मांडलें आणि १९५७ पासून तें कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्यें चालविलें. मूल शाळेंत येत नाहीं असें पाहून त्यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांत नेली. आपल्याच जिल्ह्यांत नर्मदेच्या कांठीं, सरदार सरोवराच्या पाण्यानें ज्यांचीं घरें-शेतें घेतलीं त्या गांवांतून, १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा निघाल्या. गांवचेच तरुण तेथें शिक्षक झाले, आणि मुलांच्या बोलींतील गोष्टींना वर्गांत जागा मिळाली. धरणाविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. मूल आपल्या बोलींत बोललें म्हणजे शाळेंत टिकतें, हा धडा सर्वांनीं घेण्यासारखा आहे.

आणि आपल्या खानदेशांतील बहिणाबाई चौधरींस कोण विसरेल? त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या कविता घरच्या माणसांनीं उतरून घेतल्या म्हणून त्या राहिल्या. १९५१ सालीं बहिणाबाई निवर्तल्या, १९५२ सालीं त्यांच्या कवितांचें पुस्तक निघालें, आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला. ज्या बोलीला शाळेंत गांवढळ म्हणत, तींत केवढें धन होतें! आपल्या वर्गांतील एखाद्या मुक्या मुलीच्या ओठांवर काय असेल, हें कोणीं सांगावें?

आतां पालकबांधवांच्या एका आक्षेपाचें उत्तर देणें अवश्य आहे. ते मला म्हणत, "मास्तर, बोली तर आमचें पोर घरींच शिकतें. त्याला मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा. तहसिलींत, दवाखान्यांत, एस्. टी. च्या पाटीवर कोठें आमची बोली आहे?" हें बोलणें अनुभवाचें आहे, आणि मी त्याचा मान राखतों. ज्याला अर्जावरचें मराठी वाचतां येत नाहीं त्याला बाजारांत आणि कचेरींत कोणीहि फसवितो. मुलाला मराठी उत्तम आलीच पाहिजे, इंग्रजीहि आली पाहिजे. परंतु माळ्यावर चढावयाचें तर शिडीची पहिली पायरी जमिनीजवळच असावी लागते. ती पायरी म्हणजे घरची बोली. कोणीं त्याच पायरीवर उभें राहावें असें मी म्हणत नाहीं. ती काढून घेऊं नये एवढेंच म्हणतों. आपल्या राज्यघटनेंत १९५६ सालीं घातलेलें ३५०-अ हें कलम, अल्पसंख्य भाषा बोलणाऱ्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळावें यासाठीं राज्यांनीं झटावें, असें सांगतें. आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेला शिक्षणहक्काचा कायदाहि शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेंतूनच शिकवावें असें म्हणतो. कायदा कागदावर आहे. त्याला आवाज शिक्षकानें द्यावयाचा आहे.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळीनंतर गुजराथच्या साखर कारखान्यांकडे जाणारा मालमोटार भरून निघाला कीं आमच्या वर्गांतील बांक रिकामे होतात. पोटासाठीं जाणाऱ्या आईबापांना दोष देण्यास माझी जीभ वळत नाहीं. मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि घरीं दाणे संपलेले असतात. पण शक्य असेल तर मुलाला आजी-आजोबांपाशीं ठेवावें. गांवांत हंगामी वसतिगृह असेल तर तेथें ठेवावें. आणि न्यावेंच लागलें तर जाण्यापूर्वीं एकदां शाळेंत येऊन शिक्षकास सांगावें. मीं पुढें पुढें अशा प्रत्येक मुलाच्या हातीं एक पाटी आणि त्यानेंच सांगितलेल्या वाक्यांची एक लहानशी वही देऊं लागलों. कित्येक वह्या हरवल्या. कांहीं परत आल्या, उसाच्या चिकानें चिकटलेल्या; आणि एका मुलीनें तर मागच्या कोऱ्या पानांवर कोयत्यांचा हिशेब लिहून आणिला होता. त्या वहीला मीं दहा पैकीं दहा गुण दिले.

शेवटीं शिक्षकबंधु-भगिनींस माझ्या तीनच विनंत्या आहेत. पहिली, ज्या गांवीं नेमणूक होईल तेथील बोलीचे निदान शंभर शब्द दिवाळीपूर्वीं शिकावे. दुसरी, रोजचा पहिला अर्धा तास मुलांच्या बोलण्यासाठीं राखावा. अभ्यासक्रम मागें पडेल ही भीति बाळगूं नये, तो त्यामुळेंच पुढें जातो. तिसरी, कोणत्याहि मुलाच्या नांवापुढें 'मंद' हा शेरा लिहिण्यापूर्वीं त्याला एकदां वर्गाबाहेर न्यावें, आणि त्याच्या भाषेंत त्याला एक प्रश्न विचारावा. उत्तर समजलें नाहीं तर दोष कोणाचा हें मग आपल्या मनाला विचारावें.

पालकांस विनंति एकच. शाळेंतून आलेल्या मुलाला "आज काय शिकलास?" असें विचारण्याऐवजीं "आज तूं काय सांगितलेंस?" असें विचारा. जें मूल वर्गांत कांहीं सांगतें तें शिकतेंच.

या शाळेच्या पुढल्या ज्युबिलीला आपल्यांतले कित्येक नसतील. मी तर नसेनच. परंतु आज पहिलींत असलेलीं मुलें त्या दिवशीं या व्यासपीठावर असतील. त्यांच्यांतील कोणी तरी, आपल्या आईच्या बोलींत आरंभ करून शुद्ध मराठींत शेवट करील असें भाषण तेथें करावें, आणि तें ऐकतांना भिंतीशीं टेकून कोणीहि मुका बसलेला नसावा, एवढीच माझी इच्छा आहे.